उलटा जाणारा काटा

विद्युत यंत्रांच्या प्रयोगशाळेत 'दोन वॉटमीटर पद्धतीने थ्री-फेज पॉवर मोजणे' हा प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला येतोच. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ सालचे, कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० सालचे. म्हणजे सातारा-सांगली पट्ट्यात हे शिक्षण सुरू होऊन पाऊणशे वर्षे उलटून गेली. पुढे पदविका संस्था आणि आयटीआय निघाले, तेथेही हा प्रयोग पोचला. आज परीक्षण करायचे आहे ते या प्रयोगाच्या एका छापील प्रयोगवहीचे. ती कोणत्या संस्थेची हे सांगत नाही. अशा चार-पाच वह्या मी पाहिल्या आहेत आणि त्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी शोभतात.

प्रथम वहीचे गुण. जोडणीची आकृती स्वच्छ आहे. मीटरची मर्यादा किती घ्यावी, पुरवठा बंद केल्याशिवाय तारेला हात लावू नये, गुणकाने वाचन गुणायला विसरू नये, हे सारे ठळकपणे दिले आहे. भाषा सोपी आहे. प्रयोग हातून बिनचूक पार पडावा एवढाच हेतू असेल तर तक्रारीला जागा नाही.

माझी तक्रार कृतीच्या सहाव्या पायरीपासून सुरू होते. 'एखाद्या वॉटमीटरचा काटा शून्याच्या डावीकडे गेल्यास त्याच्या करंट कॉइलची जोडणी उलटी करून वाचन घ्यावे.' पायरी संपली. ते वाचन ऋण धरायचे, ही सूचना दोन पाने पुढे 'सिद्धांत' या मथळ्याखाली एका ओळीत आहे. तोपर्यंत विद्यार्थ्याचा तक्ता भरून झालेला असतो.

बारावीला माझ्याकडे भौतिकशास्त्र शिकलेली एक विद्यार्थिनी पदविकेच्या दुसऱ्या वर्षात असताना ही वही घेऊन घरी आली होती. पाच अश्वशक्तीची मोटर, बिनभाराची. व्होल्टेज ४१५, प्रवाह ३.२ अँपिअर. एक वॉटमीटर ८३० वॅट, दुसरा ४८५. तिने बेरीज केली, १३१५ वॅट. पॉवर फॅक्टर काढला, ०.९१. शेजारी बरोबरची खूण होती.

मी विचारले, "अगं, मोटर नुसतीच फिरतेय, काहीच ओढत नाही, आणि तेराशे वॅट खाते?"

ती म्हणाली, "सर, एक मीटर उलटा जात होता. तारा बदलल्यावर सरळ झाला."

तिच्या दृष्टीने काटा उलटा जाणे ही जोडणीची चूक होती आणि तिने ती दुरुस्त केली होती. वहीने तिला हेच शिकवले होते. ४८५ ऋण धरले तर बेरीज ३४५ वॅट येते आणि पॉवर फॅक्टर ०.१५. बिनभाराच्या इंडक्शन मोटरला हेच शोभते.

चूक पकडण्याचे साधन त्याच तक्त्यात होते, ही यातली खरी खेदाची गोष्ट. व्होल्टमीटर आणि अँमीटरचे रकाने वहीत आहेत, पण पुढे त्यांचा उपयोग एकदाही केलेला नाही. ४१५ गुणिले ३.२ गुणिले वर्गमूळ तीन म्हणजे २३०० व्होल्ट-अँपिअर. १३१५ ला २३०० ने भागा, ०.५७ येतात. दोन वाचनांच्या फरकावरून आणि बेरजेवरून काढलेला पॉवर फॅक्टर मात्र ०.९१. एकाच मोटरचे एकाच क्षणी दोन पॉवर फॅक्टर कसे? ऋण चिन्ह लावले की दोन्ही वाटांनी ०.१५ येतात. हा पडताळा वहीने मागितला असता तर मुलीने चूक स्वतःच शोधली असती. मला बोलावेही लागले नसते.

आता काटा उलटा का जातो? येथेच फेजर लागतो. वहीत फेजरची आकृती आहे, पण प्रयोगाच्या शेवटी, शोभेला ठेवल्यासारखी. शिवाय ती अशा कोनासाठी काढली आहे की दोन्ही वाचने धनच यावीत. ज्या प्रसंगी आकृतीची गरज पडते तो प्रसंगच तिच्यात नाही.

तीन तारांचा विचार करा. एका क्षणी दोन तारांतून जे जाते ते तिसरीतून परत येते, त्यामुळे दोन मीटर पुरतात, तिसरी तार संदर्भाला धरायची. वॉटमीटर आपल्या तारेतला प्रवाह आणि आपली तार व संदर्भाची तार यांमधले व्होल्टेज यांचा क्षणाक्षणाचा गुणाकार करून सरासरी दाखवतो. हे व्होल्टेज त्या फेजच्या स्वतःच्या व्होल्टेजपासून ३० अंशांनी सरकलेले असते, एका मीटरला पुढे, दुसऱ्याला मागे. मोटरचा प्रवाह आधीच व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो. हे रेंगाळणे ६० अंशांच्या पुढे गेले, म्हणजे पॉवर फॅक्टर अर्ध्याच्या खाली उतरला, की ज्या मीटरमध्ये ३० अंशांची भर पडते तेथे एकूण कोन ९० च्या पलीकडे जातो. कोसाइन ऋण होतो आणि काटा डावीकडे जातो. जोडणी अगदी बरोबर असते म्हणूनच जातो.

आणखी एक गैरसमज येथेच निस्तरता येतो. एकेक मीटर एकेका फेजची पॉवर दाखवतो, असे बहुतेक विद्यार्थी (आणि काही शिक्षकही) मानतात. तसे नाही. त्या तारेतून वीज परत जाते असेही नाही. सुट्या वाचनाला मोटरच्या कोणत्याही एका भागाची पॉवर असा अर्थ नाही, अर्थ आहे तो बेरजेला. संदर्भाची तार बदला, दोन्ही वाचने बदलू शकतात. बेरीज तीच राहते.

१८९३ चे शिकागो म्हटले की आपल्याला स्वामी विवेकानंद आठवतात. त्यांच्या भाषणाच्या काही आठवडे आधी त्याच शहरात विद्युत अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. स्टाइनमेट्झने प्रत्यावर्ती प्रवाहाचे गणित संमिश्र संख्यांनी सोपे करून दाखवले ते तेथे, आणि तारांच्या संख्येपेक्षा एक मीटर कमी पुरतो हा फ्रेंच अभियंता ब्लाँडेलचा सिद्धांतही त्याच परिषदेतला. एका व्यासपीठावरच्या या दोन गोष्टी आपल्या वहीत मात्र 'कृती' आणि 'सिद्धांत' अशा वेगळ्या चुली मांडून बसल्या आहेत.

हे सारे परीक्षेपुरते असते तर एवढे लिहिले नसते. आपला भाग थ्री-फेज मोटरवर जगतो. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजना कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवतात. द्राक्षबागेच्या नि उसाच्या विहिरींवर पंप आहेत, आणि पंप म्हटले की किर्लोस्करवाडी आठवतेच. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी तुटते आणि पंप कोरडा फिरू लागतो, तेव्हा मोटर जवळजवळ बिनभाराचीच होते. वरच्या मोटरचा पूर्ण भाराचा प्रवाह साधारण साडेसात अँपिअर धरला तर अँमीटर निम्म्याच्या थोडा खाली येऊन थांबतो, वॅट मात्र बाराव्या-तेराव्या हिश्श्यावर येतात. दोन वॉटमीटर लावले असते तर त्यांतला एक तेव्हा उलटा गेला असता. उच्चदाबाचे कितीतरी मीटरही दोन घटकांच्या याच तत्त्वावर बसवलेले असतात. तेथे एखाद्या करंट ट्रान्सफॉर्मरची जोडणी उलटी झाली तर बिलच चुकते. हा उणे मोटरचा आणि तो उणे जोडणाऱ्याच्या चुकीचा, हे ज्याला ओळखता येत नाही त्याच्या हाती उद्या तो मीटर जाणार आहे.

यावर आजचे उत्तर ठरलेले असते, डिजिटल मीटर आणा. नव्या प्रयोगशाळांत तो आला आहे. किलोवॅट, पॉवर फॅक्टर सारे पडद्यावर. मोजण्यासाठी तो उत्तमच, माझा त्याला विरोध नाही. पण त्याच्या पोटात गुणाकार आणि सरासरी तीच चालते आणि उलटा काटा कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही, मग प्रश्न पडायचा कसा? जुने वॉटमीटर भंगारात देण्याआधी निदान दोन ठेवून घ्यावेत.

बारावीच्या शिक्षकांनाही यात थोडे काम आहे. तेथे फेजर येतो तो एकाच फेजपुरता, म्हणून मुले त्याला नुसता बाण समजतात. सायकलचे मागचे चाक उचलून त्यावर १२० अंशांवर तीन खडूच्या खुणा करा आणि चाक हळू फिरवा. प्रत्येक खूण आसाच्या किती वर वा खाली आहे ते मुलांना मोजायला लावा. बेरीज दर वेळी शून्याजवळ येते. मी हे वर्गात केले आहे, एकदा चाकाला आउट असूनही जमले.

प्रयोगवहीच्या लेखकांना सुचवायचे ते थोडेच. सहाव्या पायरीत 'आणि हे वाचन ऋण लिहावे' एवढे शब्द घाला. फेजरची आकृती ७५ अंशांसाठी काढा आणि ती कृतीच्या आधी छापा. तक्त्यात व्होल्ट-अँपिअरचा एक रकाना वाढवा, आणि त्याच्या खाली विचारा: दोन्ही रीतींनी काढलेले पॉवर फॅक्टर जुळले का? नसल्यास का?