सात नंबरच्या गाडीखालची खाणावळ

शनिवार संध्याकाळ. चार कुटुंबं एका घरी जमलेली, मुलं भुकेजलेली आणि प्रश्न एकच: "आज बाहेर कुठे जायचं?" अर्धा तास चर्चा होते. कोणी फोनवर तारे मोजतं, कोणी पार्किंगची काळजी करतं, कोणाला लसूण चालत नसतो. शेवटी मोटारी वळतात त्या नेहमीच्या भारतीय बफेकडेच. परतताना गाडीत नेहमीचंच वाक्य ऐकू येतं: "पूर्वीची मजा राहिली नाही हो इथे." आणि पुढच्या महिन्यात आपण पुन्हा तिथेच!

न्यूयॉर्कमध्ये वीस वर्षं हे वाक्य मी ऐकतो आहे आणि म्हणतोही आहे. आता मात्र शंका येते, की दोष नक्की कुणाच्या पदरात घालायचा?

बफेबद्दल आधी बोलून घेऊ. मटर पनीर, मलई कोफ्ता, चिकन मखनी अशी नावं तीन असली तरी ग्रेव्ही बहुधा एकच असते: कांदा, टोमॅटो, क्रीम. ती सकाळीच पातेलंभर करून ठेवायची आणि शेवटच्या पाच मिनिटांत तिला वेगवेगळी नावं द्यायची. यात लबाडी नाही, हिशेब आहे. ठरावीक पैशांत हवं तेवढं खा म्हटलं, की मालकाला भात आणि नान पुढे सारावे लागतात, मसाला बेताचा ठेवावा लागतो. तिखट तर इतपतच, की आजोबांपासून नातवापर्यंत आणि शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकन पाहुण्यापर्यंत कुणीच कुरकुर करू नये. अशा जेवणाला नाव ठेवता येत नाही आणि ते लक्षातही राहत नाही.

फोनवरचे तारे इथे उपयोगी पडत नाहीत, कारण ती सरासरी असते. एखादा झणझणीत पदार्थ निम्म्या लोकांना फार आवडला आणि निम्म्यांना मुळीच सोसला नाही, तर त्याला तीन तारे मिळतात. सगळ्यांना "ठीक आहे" वाटलेल्या बफेला चार! म्हणजे यंत्र बेचवपणालाच बक्षीस देतं. सरासरीमागे किती फरक लपतो, हे माझ्यासारख्या इंजिनिअरला वेगळं सांगायला नको. तरी भूक लागली की मीही ताऱ्यांकडेच बघतो.

मग चांगलं कुठे मिळतं? मॅनहटनहून फ्लशिंगला जाणारी सात नंबरची गाडी क्वीन्समध्ये शिरली, की बराचसा प्रवास लोखंडी खांबांवरून, रस्त्याच्या डोक्यावरून करते. त्या रुळांखाली आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत अर्धं जग जेवत असतं. १९६५च्या इमिग्रेशन कायद्याने देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडली. आपल्यापैकी बहुतेकांना इथे येण्याची वाट त्या कायद्यानेच मोकळी केली, आणि त्याच वाटेने थाई, कोरियन, चिनी, कोलंबियन, बांगलादेशी मंडळीही आली. वुडसाइडला थाई आणि फिलिपिनो, जॅक्सन हाइट्सला आपण, बांगलादेशी, नेपाळी आणि तिबेटी, पुढे कोरोनात मेक्सिकन, शेवटच्या स्टेशनवर चिनी. एका तिकिटात एवढी खाणावळ दुसऱ्या कुठल्या शहरात मिळत असेल, असं मला वाटत नाही.

वुडसाइडचं 'श्रीप्रफाई' १९९० साली सुरू झालं. तिथली तळलेल्या वॉटरक्रेसची कोशिंबीर जरूर खाऊन बघावी. पालेभाजीची कुरकुरीत भजी आणि लिंबू-मिरचीची आंबट-तिखट कोशिंबीर एकाच घासात आल्यासारखी लागते. तिखटाबद्दल विचारलं तर मात्र घाबरून "मीडियम" म्हणू नका. तिखट कमी केलं, की त्या पदार्थातला आंबट-गोडाचा तोलही जातो.

फ्लशिंगला गोल्डन मॉलच्या तळघरात २००५ साली एक बाप-लेकांचं छोटं दुकान सुरू झालं, 'शिआन फेमस फूड्स'. हाताने ओढून फाडलेल्या रुंद नूडल्स आणि त्यावर जिरं घालून परतलेलं मटण. जिरं म्हणजे आपलंच, असा आपला समज. पण रेशीम मार्गाने ते शिआनच्या मुसलमान वस्तीत कधीच पोचलं होतं. पुढे अँथनी बोर्डेनने हे दुकान दूरदर्शनवर दाखवलं आणि त्याच्या शाखा निघाल्या. शाखांमध्ये तळघरातला धूर आणि गर्दी नाही, पण मालकांनी एक हट्ट सोडला नाही: नूडल्स लगेच, तिथेच खा, घरी नेऊ नका, अशी सूचना ते गिऱ्हाइकाला करतात. धंद्याचा तोटा पत्करून चव राखण्याचा हा आग्रह मला फार आवडतो.

फ्लशिंगलाच बाऊन स्ट्रीटवर १९७७ साली उभं राहिलेलं गणपतीचं देऊळ आहे. त्याच्या तळघरातल्या कँटीनमध्ये रांगेत उभं राहा, नंबर पुकारला की डोसा उचला, लांब टेबलावर कुणाशेजारीही बसा. सजावट शून्य. पण डोसा कुरकुरीत असतो, कारण पलीकडे बसलेल्या मामींना मऊ डोसा खपणार नाही आणि त्या तसं तोंडावर सांगतील.

या तिन्ही जागांत एक गोष्ट सारखी आहे. स्वयंपाक करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पहिलं गिऱ्हाईक असतं ते त्याच्याच गावचं, चव ओळखणारं. बाकीचे आपण पाहुणे. बफेच्या स्वयंपाक्यासमोर असं कोणीच नसतं.

आणि इथे तक्रारीचं बोट आपल्याकडे वळतं. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक कृष्णेंदु राय यांनी २०१६च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं, की कोणत्या देशाच्या जेवणाला गिऱ्हाईक किती पैसे मोजतं, हे चवीपेक्षा त्या देशातून आलेल्या लोकांच्या प्रतिष्ठेवर ठरतं. फ्रेंच आणि जपानी जेवण महाग, भारतीय आणि चिनी स्वस्त. वाचून गोऱ्यांचा राग आला. मग आठवलं, की जपानी हॉटेलात चार तुकड्यांना वीस डॉलर देताना मी ब्र काढत नाही. बटाटेवड्याला चार डॉलर म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते.

काही वर्षांपूर्वी क्वीन्समध्ये एका मराठी बाईंनी सहा टेबलांची खाणावळ काढली होती. थालीपीठ, भरली वांगी, शनिवारी कोंबडीवडे. आम्ही सगळे मोठ्या उत्साहाने गेलो. वांगी अप्रतिम होती. दाण्याचं कूट जाडसर, गोडा मसाला घरचा. बाहेर पडताना आमच्यातलंच कोणीतरी म्हणालं, "छान आहे, पण हे तर घरीच होतं. त्याला चौदा डॉलर कशाला?" सगळे हसले. मीही हसलो. मी तिथे एकूण दोनदा जेवलो. दीड वर्षाने गेलो तर पाटी बदललेली होती.

दादरला 'आस्वाद' १९८६ साली सुरू झालं. मिसळ दादरच्या घराघरांत होत होती, तरी लोक तिथे रांगा लावत राहिले, नावं ठेवत राहिले, पुन्हा येत राहिले. २०१५ साली त्या मिसळीला लंडनमध्ये जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून पुरस्कार मिळाला, त्याच्या आधी जवळजवळ तीस वर्षं गल्लीतल्या गिऱ्हाइकांनी तिला सांभाळलं होतं. त्या बाईंची वांगी काही कमी नव्हती. त्यांना दादरकर मिळाले नाहीत, एवढंच.

२०२० साली करोनाचा कहर जॅक्सन हाइट्स, एल्महर्स्ट आणि कोरोना याच वस्त्यांवर सर्वांत जास्त झाला. अनेक छोट्या हॉटेलांची दारं पुन्हा उघडली नाहीत. उरलेल्यांत पहिल्यांदाच नवी पाटी लावणारेही आहेत. म्हणून मी आमच्या घरापुरते तीन नियम केले आहेत. महिन्यातून एकदा अनोळखी गल्लीत जायचं आणि शेजारच्या टेबलावर जे आहे तेच मागवायचं. आवडलं तर महिन्याभरात परत जायचं, कारण अशी दुकानं कौतुकावर नाही, दुसऱ्या फेरीवर चालतात. आणि टिप देताना हात आखडता घ्यायचा नाही. टिप मिळणाऱ्या कामगारांचं केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन १९९१पासून तासाला २ डॉलर १३ सेंटवरच थांबलेलं आहे. न्यूयॉर्क राज्यात ते बरंच जास्त आहे, तरी टिपेवाचून घर चालत नाही. इथला विक्रीकर ८.८७५ टक्के, तो दुप्पट केला की हिशेब सोपा.

पुढच्या शनिवारी "कुठे जायचं?" असा प्रश्न निघाला, तर तारे मोजू नका. काचेतून आत डोकावून बघा, त्या स्वयंपाक्याच्या गावची माणसं तिथे जेवताहेत का. आणि कधी आपल्याच गावची पाटी दिसली, तर "हे घरीच होतं" हे वाक्य गिळा आणि दुसऱ्यांदा जा. मी गेलो नाही, म्हणून सांगतो.