भाकरीचे दोन हिशेब

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातील एका महाविद्यालयात ग्रामीण समाज आणि साहित्य या विषयावर चर्चासत्र झाले. एक ज्येष्ठ वक्ते म्हणाले, पूर्वीचे खेडे स्वयंपूर्ण होते. बारा बलुतेदार एकमेकांच्या आधाराने जगत, कोणी उपाशी निजत नसे. आता रेशनच्या फुकट धान्याने गरीब आळशी झाला, शेतावर मजूर मिळेनासा झाला आणि माणसाचा स्वाभिमान संपला. सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या देणाऱ्यांत आपल्या वस्त्यांतून शिकून वर आलेले काही प्राध्यापकही होते.

मी गप्प बसलो. मी तासिका तत्त्वावर शिकवतो. कित्येक महिने मानधन हाती पडत नाही. त्या काळात आमच्या घरी आईच्या कार्डावरचा गहू-तांदूळच शिजतो. हे उठून सांगायची मला लाज वाटली. ती लाज आली कोठून, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

१

स्वयंपूर्ण खेड्याची कल्पना जुनी आहे. चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० साली हिंदुस्थानातील खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले. गरजेचे बहुतेक सारे त्यांना आपल्यापाशीच मिळते, असा त्याचा निर्वाळा होता. पुढे राष्ट्रीय चळवळीने ही कल्पना उचलून धरली आणि ग्रामस्वराज्याच्या स्वप्नात ती पवित्र झाली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या स्वप्नाचा स्पष्ट शब्दांत निषेध केला. खेडे हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर आहे, असे त्यांनी सांगितले आणि घटनेने खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक धरला याचे स्वागत केले. हा फरक आपण पुरता ध्यानात घेतलेला नाही. खेडे घटक धरले की गावाचे पोट भरलेले दिसते. व्यक्ती घटक धरली की कोणाचे पोट भरलेले आणि कोणाचे रिकामे, हे दिसू लागते.

मराठीत या व्यवस्थेचा तपशीलवार हिशेब त्रिंबक नारायण अत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात आहे. ग्रंथ मोलाचा आहे, त्याची माहिती नाकारण्याचे कारण नाही. पण कुणब्याच्या खळ्यावरून कोणाकोणाला काय जाते, याची ती देणाऱ्याच्या बाजूने मांडलेली वही आहे. घेणाऱ्याने त्यासाठी काय मोजले, ही बाजू त्या वहीत कोरी राहिली.

ती भरायला पुढची साठ-सत्तर वर्षे जावी लागली. दया पवारांच्या 'बलुतं'ने (१९७८) महारकीच्या कामाला वेळकाळ नव्हता, रात्री-अपरात्री बोलावणे आले की निघावे लागे, हे नोंदवले. प्र. ई. सोनकांबळ्यांच्या 'आठवणींचे पक्षी'मध्ये (१९७९) पोरक्या मुलाची भूक आली. शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ'मध्ये (१९८१) तराळकी आली, तर बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६) त्या भाकरीवर घर चालवणाऱ्या बाया आल्या. समीक्षकांनी या पुस्तकांना वेदनेचे दस्तऐवज म्हटले आणि त्यांतील करुणेवर पाने लिहिली. माझ्या मते ती आधी अर्थशास्त्राची पुस्तके आहेत. कोणते काम केले, किती केले, त्याबद्दल काय मिळाले आणि ते कसे हातावर पडले, हे त्यांत लिहिलेले आहे. 'गावगाड्या'च्या वहीची कोरी बाजू ती हीच. दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्याशिवाय स्वयंपूर्णता या शब्दाचा अर्थ कळणार नाही.

२

आमच्या आजोबांकडे येसकरकी पाळीने येई. पाळी असली की संध्याकाळी आजी टोपले घेऊन गावात जाई. दारापासून हातभर दूर उभे राहून हाक द्यायची. आतून भाकर येई ती वरून पडे. ताजी असेल तर नशीब. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला, पण आमच्या गावाला तो कळायला आणखी बरीच वर्षे लागली.

बाबासाहेबांनी या भाकरीचे मर्म फार आधी ओळखले होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळेपाके तुकडे सोडून देण्यास सांगितले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. त्यांचा रोख स्पष्ट होता. ज्या कामाचा मोबदला ठरलेला नाही आणि जो मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर आहे, ते काम माणसाला लाचार करते. वतन हा आपला मान आहे असे समजणारे आपलेच लोक त्या वेळी त्यांच्या विरोधात गेले होते, हेही विसरू नये. भाकर हातची जाईल ही भीती खरी होती. पण बाबासाहेब उपाशी राहा म्हणत नव्हते. भाकर ज्या नात्यातून येते ते नाते बदला, असे त्यांचे सांगणे होते.

त्या नात्याची परीक्षा बहिष्काराच्या वेळी होई. एखाद्या गावात आपल्या लोकांनी ढोर ओढायचे नाकारले, पाणवठ्यावर हक्क सांगितला किंवा लग्नात वरात काढली, की गाव एक होई. बलुते बंद, शेतावरचे काम बंद, वाण्याचे दुकान बंद, पुढच्या काळात पिठाची गिरणीही बंद. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात या बहिष्काराचे भयंकर स्वरूप नोंदवले. बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करायला २०१६ साल उजाडावे लागले. गाव स्वयंपूर्ण होते ते असे. आमची चूल कधी विझवायची, हे ठरवायला त्याला बाहेरच्या कोणाची गरज लागत नव्हती.

३

आता आळसाचा आरोप पाहू. तोही नवा नाही. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामावरच्या मजुराची मजुरी एक पौंड धान्य आणि एक आणा एवढ्यावर आणली. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी १८७७ च्या जानेवारीत काम सोडून तिचा निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगाने खरी भीती बोलून दाखवली. दुष्काळात मदत मागणे हा गरिबाचा हक्क आहे असे एकदा मानले, तर तो एरवीही हक्क मागू लागेल, असे आयोगाचे म्हणणे होते. एकूण फुकट अन्नाने माणूस बिघडतो या वाक्याच्या पोटात हक्काचीच धास्ती आहे. चर्चासत्रातील वक्त्यांचे वाक्य दीडशे वर्षे जुने होते.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने (२०१३) प्राधान्य कुटुंबातील माणसाला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य ठरवले. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. टेंपलसाहेबाचा पौंड सुमारे ४५० ग्रॅमचा होता. तुलना तंतोतंत नाही, कारण तो दिवसभर दगड फोडण्याचा मोबदला होता. पण १६५ ग्रॅमवर कोणी आयुष्यभर झोपून काढतो म्हणणाऱ्याने एक महिना तसे जगून दाखवावे. मजूर मिळत नाही याचा अर्थ एवढाच, की पूर्वीच्या पडत्या मजुरीला मिळत नाही. घरात आठ दिवसांचे धान्य असेल तर माणूस उद्याच्या कामाचा भाव विचारू शकतो. बोचते ते हे विचारणे.

आणि अवलंबून कोण नाही? शेतकऱ्याला खतावर अनुदान आहे, पीककर्ज आहे, काही पिकांना हमीभाव आहे. सहकारी साखर कारखाने सरकारी भागभांडवलावर आणि थकहमीवर उभे राहिले. आम्हा प्राध्यापकांत जे पूर्णवेळ आहेत, त्यांना वेतन आयोग आहे. यातले काहीही वाईट नाही. आजच्या समाजात प्रत्येकाची भाकर शंभर हातांतून येते. मात्र यांच्या बाबतीत आपण धोरण, प्रोत्साहन असे शब्द वापरतो आणि रेशनच्या रांगेतल्या बाईसाठी परावलंबन हा शब्द राखून ठेवतो.

आजीने १९७२ चा दुष्काळ खडी फोडून काढला. मे १९७३ च्या सुमारास महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. कामावर सुखडी मिळे, रेशनला परदेशची लाल मिलो ज्वारी मिळे. ती ज्वारी घशाखाली उतरत नसे, असे आजी सांगायची. मजुरी अपुरी होती, मुकादम मापात मारायचा. तरी ती म्हणायची, "दुष्काळ वाईटच. पण त्या साली मस्टरवर माझं नाव होतं. कुणाच्या दारात टोपलं घेऊन उभं राहावं लागलं नाही." त्याच कामांच्या अनुभवातून महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. दगड फोडणे हे सुख नव्हते. पण पुकारलेले नाव आणि फेकलेली भाकर यांतला फरक आजीला कळत होता. तो आमच्या विद्वानांना अजून कळायचा आहे.

४

असे असले तरी सरकार आणि शहर यांचे गोडवे गाऊन थांबणे भाबडेपणाचे होईल. अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. वारणेकाठचा भीमा मुंबईला येतो, उपनगरातल्या खाणीत कामाला लागतो. त्या खाणीवर त्याचे सारे अवलंबून आहे. ती बंद पडते आणि तो मढ्यांच्या राखेत सोने शोधू लागतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे जातात, आणि त्यानंतर खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. या कथेची भयाण वातावरणासाठी वाखाणणी होते. पण तिचे दुखणे वेगळेच आहे. गावात भाकर मर्जीवर होती, शहरात ती खाणीच्या चालू-बंद होण्यावर आहे. मधल्या दिवसांत भीमाने काय खावे, याची जबाबदारी कोणावरच नाही. आधुनिक समाजाने भीमाला गावातून मोकळे केले, पण हमी दिली नाही. अन्नाचा हक्क हवा तो या मधल्या दिवसांसाठी. आजचे ऊसतोड मजूर सहा-सहा महिने गावाबाहेर असतात. कार्ड एका गावी आणि पोट दुसऱ्या गावी, ही त्यांची जुनी तक्रार आहे. कुठेही धान्य उचलण्याची सोय आली असली तरी फडावरच्या कोपीतून दुकान किती दूर आहे, हे त्यांनाच विचारावे.

आणि हक्क कागदावर आला तरी जुने नाते दुकानात शिरतेच. मी आईबरोबर धान्य आणायला गेलो होतो. खुरपून, कांदे काढून तिच्या अंगठ्याच्या रेघा झिजल्या आहेत. यंत्राने अंगठा घेतला नाही. दुकानदार म्हणाला, "उद्या या." आई म्हणाली, "भाऊ, बघा ना एकदा. लई लांबून आले." तिच्या त्या सुरात मला आजोबांचा जोहार ऐकू आला. धान्य तिचे, कार्ड तिचे, कायद्यानुसार कुटुंबप्रमुखही तीच. तरी सूर मागणाऱ्याचा होता. मी पदवीधर मुलगा शेजारी उभा राहून काही बोललो नाही. चर्चासत्रातले माझे मौन तिथेच सुरू झाले होते.

शब्दही पाहा. आमच्या वस्तीत या दुकानाला अजून कंट्रोल म्हणतात. म्हणजे भावावर आणि वाटपावर सरकारचे नियंत्रण. त्या शब्दात उपकार नाही. सरकारी मराठीत मात्र शिधापत्रिका आहे. शिधा हा ब्राह्मणाला, गोसाव्याला, आल्या-गेल्याला देतात. देणाऱ्याला त्याचे पुण्य लागते. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल दिले, त्याचे नाव 'आनंदाचा शिधा'. पिशवीवर पुढाऱ्यांची छायाचित्रे होती. पैसे जनतेच्या तिजोरीतले, त्यात काडेपेटी घेताना आपणही भरलेले, आणि चेहरा दात्याचा! मोफत या शब्दाचा धोका इथे आहे. हक्काला मोफत म्हटले की त्याच्या मागोमाग कृतज्ञता मागितली जाते आणि कृतज्ञतेच्या मागोमाग मत.

५

तेव्हा आपली भूमिका काय असावी? रेशनला मुक्ती समजू नये. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी शेती राज्याच्या मालकीची असावी आणि अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहती असाव्यात, अशी मागणी केली होती. जमीन, काम आणि मजुरी हे प्रश्न ५ किलोंनी सुटत नाहीत आणि ते सुटले असे कोणी भासवत असेल तर त्याला अडवले पाहिजे. पण रेशनची लाज बाळगणेही तितकेच चूक आहे. नोकरी लागलेली आपली मंडळी आपल्याच मागे राहिलेल्या भावंडांना फुकटे म्हणतात, तेव्हा ती गावाची जुनी भाषा बोलत असतात.

कार्यकर्त्यांनी कायदा वाचावा. धान्य मिळाले नाही तर अन्नसुरक्षा भत्ता देण्याची तरतूद त्यात आहे. तक्रार निवारणासाठी जिल्ह्यात अधिकारी आणि राज्यात अन्न आयोग आहे. दक्षता समितीत अनुसूचित जाती-जमाती आणि स्त्रिया यांना प्रतिनिधित्व द्यायचे आहे. आपल्या वस्तीतील किती जणांना हे ठाऊक आहे? त्या समितीत आपल्या नावाने कोण बसते? विद्यार्थ्यांनी चौकशीला इथूनच सुरुवात करावी. आणि साहित्याच्या शिक्षकांनी 'गावगाडा' शिकवताना 'बलुतं' त्याच्या शेजारी ठेवावे.

पुढच्या महिन्यात मी आईबरोबर पुन्हा दुकानात जाणार आहे. अंगठा लागला नाही तर नोंदवहीत तक्रार लिहायला सांगणार आहे. आई म्हणते, "कशाला त्या भाऊला दुखवायचं? उद्या परत त्याच्याच दारात जायचंय." पिढ्यान् पिढ्यांचे शहाणपण तिच्या या वाक्यात आहे आणि पिढ्यान् पिढ्यांची भीतीही. ते दार आता त्याचे राहिलेले नाही, हे तिला पटेपर्यंत आपले काम संपलेले नाही.