हात कोणाचा?

आम्हा मावळच्या लोकांना काळ ठरविण्याचे वेड लागले तर नवल नाही. कार्ल्याच्या लेण्यात वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याचे सातवे वर्ष कोरलेले आहे; पण तो राजा केव्हा होऊन गेला, हे काही ते वर्ष सांगत नाही. त्यासाठी अक्षराचे वळणच न्याहाळावे लागते. हा जुना धडा परवा बोटभर उंचीच्या एका चिनी कुपीने मला नव्याने दिला.

लोणावळ्याचे माझे एक वयोवृद्ध स्नेही ती रुमालात गुंडाळून घेऊन आले. येथल्या एका जुन्या बंगल्यातले सामान विकायला निघाले, तेव्हा त्यांच्या वडिलांनी ती घेतली होती. "कोणीतरी वाचून सांगितले, १८९५ सालची आहे म्हणून," ते म्हणाले. "खरी असली तर नातीच्या कॉलेजची फी भागेल. तुम्ही पाहून सांगा."

आपल्याकडे तपकिरीची डबी कनवटीला असे. चीनमध्ये तपकीर कुपीत ठेवीत आणि बुचाला चिमुकला चमचा जोडीत. या कुपीच्या आतल्या अंगाने चित्र काढण्याची कला एकोणिसाव्या शतकातली. लोखंडाचे कण व कुरुंदाची पूड पाण्यात घालून कुपी हलवीत राहायचे, म्हणजे आतली काच खरखरीत होऊन रंग धरते. मग अरुंद तोंडातून बाकदार लेखणी घालून उलटे चित्र काढायचे. येथे कळस आधी आणि पाया मागून! डोळ्यातली चमक प्रथम, डोळा नंतर, पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. एकदा चुकलेली रेघ वरून रंग देऊन झाकता येत नाही.

कुपीवर नाव होते ये जुंगसान यांचे. पेकिंगचे हे नामवंत चित्रकार १९४५ साली वारले. परंतु त्यांचे मुलगेही वडिलांच्याच नावाने कुप्या रंगवीत. म्हणजे हे नाव एका माणसाचे नसून घराण्याचे झाले होते. वर्षाचेही तसेच. चिनी वर्षनामे आपल्या संवत्सरांप्रमाणे साठ वर्षांनी फिरून येतात. १८९५ साली आपल्याकडे मन्मथ संवत्सर होते आणि १९५५ सालीही मन्मथच. कुपीवरची अक्षरे या दोन्ही सालांना सारखीच लागू पडतात. तेव्हा नाव आणि साल, दोन्ही साक्षीदार कच्चेच.

मी भिंग घेतले. आत चमच्याचा एकही ओरखडा नव्हता, तपकिरीचा डागही नव्हता. एवढ्याने काही सिद्ध होत नाही. पुष्कळ कुप्या केवळ शोभेसाठीच केल्या जात, आणि १९१२ साली मांचू राजवट संपल्यावर तपकिरीची चालही मागे पडली. मग मी चित्राकडे वळलो. दगडावर बसलेले मांजर, आणि त्याचा केस न् केस सुटा! जुन्या पेकिंगच्या बांबूच्या लेखणीची रेघ अशी उमटत नाही. ही रेघ मुळाशी भरदार होती आणि टोकाला निमुळती होत विरत गेली होती. हे काम कुंचल्याचे. असा वाकडा कुंचला वांग शीसान यांनी रूढ केला. ते ये घराण्याचेच शिष्य. १९५७ नंतर त्यांनी ही विद्या घेतली आणि पुढे हेबेई प्रांतात आपली निराळी शाखा उभारली. त्यांची मांजरे तर प्रसिद्धच आहेत. म्हणजे ही कुपी १८९५ची नव्हे आणि १९५५चीही नव्हे. हात नव्या पिढीतला, नाव आणि साल मात्र जुने.

स्नेह्यांना हे सांगताना माझी जीभ जड झाली. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे टाकाऊच म्हणायची की!"

"नाही हो," मी म्हटले आणि भिंग त्यांच्या हाती दिले. "हे कान पाहा."

ते बराच वेळ पाहत राहिले.

मला वाटते, आपली रसिकता येथेच फसते. वस्तू जुनी म्हटली की आपण हात जोडतो आणि नवी ठरली की तोंड फिरवितो. चित्र पाहायचे राहूनच जाते. खोट्या सालाने विकत घेणारा फसतो, हे तर खरेच. पण त्याहून मोठा अन्याय होतो तो चित्रकारावर. श्वास रोखून ज्याने हे केस एकेक करून रेखले, त्याचे श्रेय आधीच होऊन गेलेल्या माणसाच्या खात्यावर जमा झाले. काळ ठरविणे म्हणजे किंमत ठरविणे नव्हे. ज्याचे काम त्याच्या पदरी घालणे होय.

फी काही त्या कुपीतून निघणार नाही, हे मी स्पष्टच सांगितले. स्नेह्यांनी कुपी पुन्हा रुमालात बांधली. दाराशी थांबून ते म्हणाले, "विकायला काढलीच, तर काय सांगू?"

"जे आहे तेच सांगा. नवी आहे, आणि सुरेख आहे."