भय आणि हास्य : अलीकडच्या काही भूतपटांच्या निमित्ताने

भुताचा चित्रपट पाहताना प्रेक्षागृहात हशा पिकावा, हा अनुभव आपल्याला नवा नाही. रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ (१९८४) किंवा ‘वीराना’ (१९८८) पाहताना पुढच्या रांगांतून जे हसू उमटत असे, त्यातले बरेचसे दिग्दर्शकाला अभिप्रेत नव्हते. मुद्दाम योजलेले विनोदी उपकथानकही या चित्रपटांत असे. पण ते भयाच्या शेजारी बिऱ्हाड करून राही, दोन्ही घरांत रोटीबेटीव्यवहार नसे. गेल्या काही वर्षांत ही स्थिती पालटली आहे. ‘स्त्री’ (२०१८), ‘भेडिया’ (२०२२), ‘मुंज्या’ (२०२४) आणि ‘स्त्री २’ (२०२४) या हिंदी चित्रपटांनी भय आणि हास्य यांचा एक मिश्र प्रकार रूढ केला आणि त्याला उदंड लोकाश्रय मिळवून दिला. मी हे चित्रपट भरल्या प्रेक्षागृहात, सामान्य प्रेक्षकांत बसून पाहिले आणि इतरांबरोबर हसलोही. मात्र घरी परतताना एक प्रश्न दर वेळी सोबत आला : या हसण्याने आपली भीती पचते, की नुसती टळते?

आपल्या काव्यशास्त्राने या दोन रसांचे सख्य सहजासहजी मान्य केलेले नाही. भरताने शृंगारातून हास्य आणि बीभत्सातून भयानक निपजतो असे सांगून दोघांची कुळे वेगळी ठेवली. एकाचा वर्ण शुभ्र, दुसऱ्याचा कृष्ण. पुढे विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त भयानकाला हास्याचा विरोधी रस ठरवले. परंतु त्याच नाट्यशास्त्रात हास्याचे दैवत म्हणून प्रमथांचा, म्हणजे शिवाच्या गणांचा, उल्लेख आहे. भुताखेतांच्या मेळाव्यातले हे गण हसण्याचे अधिपती व्हावेत, यात मला शास्त्रापलीकडचे एक लोकज्ञान दिसते. कोकणातल्या दशावतारात काळा मुखवटा चढवून येणारा संकासुर मुलांना घाबरवतो आणि त्याच तोंडाने मालवणीत थट्टा करून थोरांना हसवतो. आपली भाषाही याला साक्षी आहे. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ किंवा ‘बारा पिंपळांवरचा मुंजा’ म्हणताना आपण भुताला एका पिढीजात विनोदी सुरात घरात घेत असतो. तेव्हा हे मिश्रण परके नाही. ते कोणत्या हेतूने केले जाते, एवढाच प्रश्न उरतो.

या दृष्टीने फाजिल यांचा मल्याळम चित्रपट ‘मणिचित्रताळ्’ (१९९३) मला आजही आदर्श वाटतो. जुन्या वाड्यात राहायला आलेली गंगा, कुलुपबंद दालनातली नागवल्ली नावाच्या नर्तकीची आख्यायिका, आणि भुताच्या नावाने घाबरगुंडी उडालेले नातेवाईक. पूर्वार्धातला विनोद जवळजवळ सारा या भित्र्या माणसांवर उभा आहे. आपण त्यांना हसत असतो आणि नेमके त्याच वेळी गंगेकडे आपले दुर्लक्ष झालेले असते. पुढे तिचे दुखणे उघड होते तेव्हा प्रेक्षकाला स्वतःच्या हसण्याची किंचित लाज वाटते. येथे हास्य हा रचनेचा भाग आहे : ते सत्य झाकते आणि योग्य क्षणी बाजूला होते. प्रियदर्शन यांच्या ‘भूल भुलैया’ने (२००७) हा सांगाडा बऱ्याच अंशी सांभाळला. ‘भूल भुलैया २’मध्ये (२०२२) मात्र खरेच भूत आले. मनाच्या अंधाराची जागा प्रत्यक्ष पिशाचाने घेतली आणि मूळ कथेचे धाडस तेथेच संपले.

अमर कौशिक यांच्या ‘स्त्री’चे यश वेगळ्या वाटेने आले. दारावर ‘उद्या ये’ असे लिहून भुताला परतवून लावण्याची कर्नाटकातील लोकसमजूत या चित्रपटाने मध्य प्रदेशातल्या चंदेरीत आणली. उत्सवाच्या रात्री ही स्त्री पुरुषांना पळवते आणि मागे त्यांचे कपडे तेवढे उरतात. मग अंधार पडण्याच्या आत घरी यावे, एकटे फिरू नये, ही जी बंधने बायकांच्या अंगवळणी पडलेली असतात, ती पुरुषांच्या वाट्याला येतात. प्रेक्षागृहातले हसू याच उलटापालटीचे आहे. हसणाऱ्या पुरुषाला, ही भीती आपल्या शेजारी बसलेल्या बाईची रोजची आहे, हे क्षणभर का होईना कळते. येथे भय हास्यातूनच कळते. म्हणून हा चित्रपट मी महत्त्वाचा मानतो.

‘स्त्री २’बद्दल असे म्हणता येत नाही. आता स्वतंत्र विचारांच्या बायकांना पळवणारे शिरविरहित पिशाच आहे. कल्पना मोठी आहे, तिच्यातला सामाजिक आशयही उघड आहे. पण हास्य त्या आशयापासून सुटून पात्रांच्या टाळीबाज संवादांत गेले आहे. बायकांना कोंडणाऱ्या पिशाचाविरुद्ध उभा राहिलेला चित्रपट मध्येच थांबून, पुरुषी नजरेला रिझवणारे नृत्यगीत सादर करतो. त्यातली विसंगती त्याला जाणवत नाही, की जाणवूनही चालते, हे सांगणे कठीण आहे. शिवाय एका चित्रपटातला लांडगा दुसऱ्याच्या मदतीला धावू लागला की भुतांचे गाव सुटते. भूत म्हणजे एखाद्या जागेचे न फिटलेले ऋण. ते सगळीकडे संचार करू लागले की कोणाचेच देणे लागत नाही.

मराठी वाचकाला अधिक जवळचा ‘मुंज्या’. आदित्य सरपोतदार यांनी याआधी ‘झोंबिवली’त (२०२२) डोंबिवलीचे उंच मनोरे आणि झोपडपट्टी यांच्यामधली दरी पाण्याच्या प्रश्नासह भयविनोदात आणली होती, आणि तेथे हसू व धास्ती एकाच नळातून येत होती. ‘मुंज्या’चा आरंभ १९५२च्या कोकणात होतो. वयाने मोठ्या मुन्नीवर जीव जडलेला गोट्या, त्याची लावून दिलेली मुंज, आणि हट्टापायी धाकट्या बहिणीला झाडाखाली बळी द्यायला निघालेला तो पोर. हा प्रारंभ अस्सल भयाचा आहे. मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुलगा पिंपळावर राहतो, या समजुतीत अपुऱ्या राहिलेल्या आयुष्याविषयीची करुणा आहे. चित्रपटाने त्या अपुरेपणाला हट्टाचे आणि नकार न पचवणाऱ्या पुरुषी हव्यासाचे रूप दिले, हे त्याचे खरे संशोधन आहे.

पण पुढे काय होते? कथा पुण्यात येते, भित्रा बिट्टू नायक होतो, संगणकाने घडवलेला मुंज्या माकडचेष्टा करू लागतो, आणि उत्तरार्ध पाठलागात खर्ची पडतो. ज्या हव्यासाने सुरुवातीला काळजाचे पाणी केले, तोच आता खोडी म्हणून समोर येतो. माझी सर्वांत मोठी तक्रार मात्र आजीविषयी आहे. बळी जाता जाता वाचलेली ती बहीण हीच बिट्टूची आजी आहे. सख्ख्या भावाने आपल्यावर शस्त्र उगारले, आणि मेला तो. ही गोष्ट पोटात ठेवून तिने संसार केला, मुले-नातवंडे पाहिली. सुहास जोशी यांच्यासारख्या समर्थ अभिनेत्रीच्या हाती ही भूमिका असताना दिग्दर्शक तिला थोडाच अवकाश देतो आणि चटकन दृष्टीआड करतो. चित्रपटाचे भय तिच्यापाशी होते. विनोद ते ओलांडून पुढे गेला.

तुलनेसाठी विशाल फुरिया यांचा मराठी ‘लपाछपी’ (२०१७) आठवावा. उसाच्या फडात अडकलेली गरोदर स्त्री आणि मुली नाकारणारे घर. येथे हसण्याला फट नाही, कारण घाबरायचे जिवंत माणसांनाच आहे. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ने (२०१८) नारायण धारपांच्या परंपरेशी नाते जोडत लोभालाच भूत केले. प्रथम प्रदर्शनात त्याला बेताचा प्रतिसाद मिळाला. सप्टेंबर २०२४मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा अधिक प्रेक्षक त्याच्याकडे वळले. विनोदाची सवय जडलेला प्रेक्षक गंभीर भयाला पारखा झाला आहे, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही.

म्हणून दोष हास्याला देता येणार नाही. संकासुराची थट्टा ऐकून हसणारे मूल रात्री त्याच्या मुखवट्याला भितेच. ‘स्त्री’ आणि ‘मणिचित्रताळ्’ पाहून परतताना तशी भीती माझ्याबरोबर घरी आली. ‘मुंज्या’ पाहून परतताना विनोद वाटेतच विसरलो. लक्षात राहिली ती झाडाखालून पळून वाचलेली लहान मुलगी, जिची कथा कोणीतरी अजून सांगायची आहे.