परक्याच्या घरचे जेवण

संतपटांवर आपल्याकडे दोन तऱ्हेने लिहिले गेले. एक लेखन चमत्कारांना हसणारे, दुसरे त्यांना हात जोडणारे. दोन्हींत एक गोष्ट निसटली, असे मला वाटते. गावाने तुच्छ मानलेल्या माणसाला हे बोलपट काय देतात, आणि त्याच्याकडून काय घेतात?

प्रभातचा 'धर्मात्मा' (१९३५) घ्या. व्ही. शांताराम यांनी त्याचे नाव आधी 'महात्मा' ठेवले होते; त्यात गांधीजींची सावली दिसली म्हणून सेन्सॉरने ते चालू दिले नाही. एकनाथ झाले बालगंधर्व. स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावणारा हा नट पडद्यावर प्रथमच आला, तोही पुरुषवेषात, आणि भीत भीत सांगतो, थोडा अवघडलेलाच राहिला. पण चित्राचा जीव त्यांच्या अभिनयात नाहीच. तो दोन जेवणांत आहे. श्राद्धाचा स्वयंपाक नाथ अस्पृश्यांना वाढतात तेव्हा पैठण चिडते. नाथ महाराच्या घरी स्वतः पानावर बसतात तेव्हा मात्र पैठण पेटते. पोटचा मुलगा हरिपंडितही बापाच्या बाजूने उभा राहत नाही. वाढणाऱ्याची पायरी वाढतानाही वरचीच असते. दुसऱ्याच्या चुलीवरचे अन्न तोंडात घातले, की ती मोडते. हे १९३५ साली पडद्यावर दाखवायला छाती लागत होती.

सहा वर्षांनी 'शेजारी' आला. तो संतपट नव्हे, पण उभा आहे श्रद्धेवरच. केशवराव दाते यांचा पाटील आणि गजानन जागीरदार यांचा मिर्झा यांची मैत्री कोण मोडतो? धरण बांधायला आलेला बाहेरचा कंत्राटदार. मिर्झा मुसलमान खरा, पण गावचाच, पिढ्यांची ओळख. म्हणजे बाहेरून येतो तो फूट पाडायलाच, हा समज या थोर चित्रानेही जपला. गोसीखुर्दच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्या पवनीकडच्या प्रेक्षकाला धरणावरचा तो राग समजेल. पुनर्वसनाच्या गावठाणात आपणच परके ठरतो, हेही त्याला ठाऊक आहे. पण ते 'शेजारी'त सापडणार नाही.

मग जो खरोखर दुरून येतो, ज्याला अभंग ठाऊक नाहीत, ज्याचा देव निराळा, त्याचे काय? तो आपल्या जुन्या भंडारा जिल्ह्यातच आला. अर्जुनी मोरगाव तालुक्यात पूर्व बंगालच्या निर्वासितांच्या वसाहती वसल्या. १९७२ साली गोठणगावजवळ तिबेटी लोकांची नोर्ग्येलिंग वसली. (१९९९ पासून हा मुलूख गोंदिया जिल्ह्यात आहे, झाडीपट्टीला सरकारी हद्दी जरा कमीच ऐकू येतात.) त्यांना जमीन मिळाली, छप्पर मिळाले. पहिले जेवण झाले. दुसऱ्या जेवणाचे मराठी चित्र माझ्या पाहण्यात नाही. हिवाळ्यात तिबेटी बाईशी स्वेटरसाठी घासाघीस करावी, इतकीच आपली सोयरीक.

इटलीत एर्मान्नो ओल्मी यांनी २०११ साली एक चित्र केले. नावाचा अर्थ 'पुठ्ठ्यांचे गाव'. भाविक उरले नाहीत म्हणून एक चर्च मोडीत निघते. क्रूसावरचा येशू यंत्राने खाली उतरवतात, म्हातारा पाद्री एकटा राहतो. आणि रात्री आफ्रिकेतून चोरून आलेली माणसे आत शिरून बाकड्यांच्या आधाराने पुठ्ठ्यांची घरे उभारतात. चित्रात प्रवचन फार आहे, आणि ही परकी माणसे पुष्कळदा माणसे न वाटता वेदीवरच्या चित्रातल्या आकृत्या वाटतात. दोष लहान नाही. तरी ज्याचे देऊळ रिकामे झाले त्याला ते या बिनकागदाच्या लोकांमुळे परत मिळते, हे ओल्मींनी नेमके पकडले. नाथांसारखा तोही घेणारा ठरतो.

दिवाळीनंतर आता मंडया भरतील, वडशाच्या कंपन्या नाटके घेऊन गावोगाव निघतील. नाटके लिहिणाऱ्या एका स्नेह्याला मी विचारले, गोठणगावच्या तिबेटी घरी जेवायला बसलेला एखादा माळकरी पाटील लिहाल का? तो हसून म्हणाला, "मास्तर, पण ताटात काय वाढतील?" त्याने थट्टेत विचारले. मला वाटते, पहिला अंक तिथूनच उघडावा: ताट समोर आले आहे, आणि पाटलाचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला आहे.