यादीतल्या संस्था आणि गावातल्या संस्था

एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो असता नववीच्या मुलांचा एक तक्ता आमच्यापुढे आला. विषय होता ‘आमच्या तालुक्यातील स्वयंसेवी संस्था’. धर्मादाय कार्यालयाच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून मुलांनी ५० संस्था निवडल्या होत्या आणि त्यांना पोस्टाने प्रश्नावली धाडली होती. उत्तरे आली १९. त्यांपैकी १६ संस्था दरवर्षी हिशेब तपासून घेतात. निष्कर्ष : तालुक्यातील ८४ टक्के संस्थांचा कारभार चोख! आम्ही शंका काढली तेव्हा मुले म्हणाली, “सर, यादी सरकारी होती, आणि चिठ्ठ्या आम्ही डोळे मिटून काढल्या.” दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. निष्कर्ष मात्र टिकणारा नव्हता, आणि अशीच चूक मुलांपेक्षा पुष्कळ मोठी माणसेही करतात.

नमुना निवड शिकवताना आपण गोट्यांची पिशवी घेतो. संस्थांची पिशवी तितकी सरळ नसते. वाचक शिक्षकांनी आपल्या शाळेच्या संस्थेचे लेटरहेड काढून पाहावे. त्यावर बहुधा दोन नोंदणी क्रमांक दिसतील : एक १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालचा, दुसरा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालचा. दोन याद्या एकत्र केल्या की संस्था एक, गोट्या दोन. बंद पडलेली संस्था आपले नाव कमी करायला सहसा जात नाही. उलट, देवळातले भजनी मंडळ उत्साहाने चाललेले असते, पण यादीत नसते.

केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने हे काम देशपातळीवर केले. २००८ पर्यंत नोंदलेल्या ना-नफा संस्थांची संख्या सुमारे ३१.७ लाख भरली. दर चारशे माणसांमागे एक संस्था, हे भाषणांतले वाक्य या आकड्याच्या भागाकारातून निघते. पण त्याच कामाच्या दुसऱ्या टप्प्यात सुमारे २२ लाख संस्थांचा प्रत्यक्ष शोध घेतला गेला, तेव्हा जेमतेम ७ लाख सापडल्या. आमच्या मते या अहवालातला सर्वांत मोलाचा आकडा हाच, आणि नेमका तोच फारसा कोणी सांगत नाही. अर्थात न सापडलेली प्रत्येक संस्था मेलेली असे म्हणणेही घाईचे होईल. चिटणीस बदलला की पत्ताही बदलतो.

दुसरी वाट यादी बाजूला ठेवण्याची. दिल्लीच्या ‘प्रिया’ या संस्थेने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने महाराष्ट्रासह काही राज्यांत पाहणी करून २००२ च्या सुमारास देशात १२ लाख संस्था असल्याचा अंदाज दिला. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या बिननोंदणीच्या होत्या. म्हणजे नुसत्या यादीवर विसंबणाऱ्याला त्या दिसल्याच नसत्या.

तिसरी युक्ती आम्हांला सर्वांत देखणी वाटते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मिलर मॅकफर्सन यांनी ती १९८२ मध्ये मांडली : संस्था निवडूच नका, माणसे निवडा आणि ती कोणकोणत्या मंडळांत आहेत ते विचारा. समजा, गावात २००० प्रौढ आहेत आणि आपण चिठ्ठ्या टाकून १०० निवडले. २०० सभासदांच्या गणेश मंडळाचे नाव सरासरी दहा वेळा येईल, तर दहा जणांच्या भजनी मंडळाचे अर्धा वेळा. मोठ्यांना असे झुकते माप मिळते. म्हणून प्रत्येक उल्लेखाला सभासदसंख्येने भागायचे, बेरीज घ्यायची आणि २० ने गुणायचे. दोन्ही मंडळांच्या वाट्याला सरासरीने बरोबर एक येतो. वर्गात करून पाहावे. अडचण एवढीच, की ज्यांना सभासदच नसतात अशी चार विश्वस्तांची न्यासमंडळे या जाळ्यातून निसटतात; शिवाय सभासदसंख्या विचाराल तर अध्यक्ष एक सांगतो, खजिनदार दुसरी.

राहिली ती ३१ न आलेली उत्तरे. हॅन्सन आणि हरविट्झ यांनी १९४६ मध्येच यावर उपाय सुचवला होता. गप्प राहिलेल्यांतून पुन्हा चिठ्ठ्या टाकून, समजा दहा निवडायचे, त्यांच्या दारात प्रत्यक्ष जायचे आणि त्या प्रत्येकाचे वजन ३.१ धरायचे. मुलांना आम्ही एवढेच सांगितले. पुढच्या रविवारी सायकली काढतो म्हणाली.