एका खेळाचा जीर्णोद्धार

माझी पहिली कादंबरी वीस वर्षांपूर्वी छापली गेली. तिची दुसरी आवृत्ती काढायचे प्रकाशकांनी यंदा मनावर घेतले आणि पत्राच्या शेवटी एक ओळ घातली : ‘मजकूर आजच्या वाचकाला रुचेल असा करून द्यावा.’ उन्हाळ्याच्या सुटीत मी तांबडी पेन्सिल घेऊन बसलो आणि पहिल्या दहा पानांतच अडलो. काय खोडावे आणि काय राखावे, हेच कळेना. हा पेच मला जिथे थोडाफार उलगडला, ते ठिकाण साहित्यातले नाही. तो संगणकावरचा एक खेळ आहे. दिवाळी अंकात खेळाची समीक्षा कसली, असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी फराळाचे ताट संपेपर्यंत तरी धीर धरावा.

‘डॅगरफॉल’ हे त्या खेळाचे नाव. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातील बेथेस्डा या कंपनीने तो १९९६ साली काढला. तो भूमिकेच्या खेळांच्या जातीचा आहे. म्हणजे खेळणाऱ्याने चोर, योद्धा, मांत्रिक असे आपले पात्र स्वतः घडवायचे आणि मग त्या पात्राच्या नशिबी येईल ते भोगायचे. एका मेलेल्या राजाच्या भुताचा छडा लावायला बादशहा आपल्याला धाडतो. वाटेत वादळात जहाज फुटते आणि आपण एका गुहेत येऊन पडतो. पुढे डॅगरफॉल नगरीत रात्री पाऊल टाकले, की रस्त्यांतून त्या राजाची सुडाची आरोळी घुमते. १९९८ च्या सुमारास, मॅट्रिक होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा, मामेभावाच्या घरी मी ती ऐकली आणि त्या रात्री त्याच्याकडेच मुक्काम केला.

या खेळाची हाव अफाट होती. गावे, देवळे, गुहा, थडगी मिळून १५,००० हून अधिक ठिकाणे! त्या काळच्या संगणकाला हा भार पेलणे कठीणच होते. भुयारांच्या भिंतींचे सांधे नीट जुळत नसत आणि त्या फटीतून पात्र थेट काळ्या पोकळीत कोसळे. हा दोष इतका कुप्रसिद्ध झाला, की पोकळीतून परत आणणारी कळांची एक जोडी खेळातच ठेवावी लागली.

यंदा माझा भाचा म्हणाला, “मामा, तुमच्या वेळचा तो खेळ आता नव्या इंजिनावर चालतो. बघा तरी.” खेळाचे इंजिन म्हणजे पडद्यावर चित्र उभे करणारी, पाऊल कुठे टेकते आणि भिंत कुठे अडवते याचा हिशेब ठेवणारी यंत्रणा. नाटकाच्या भाषेत सांगायचे तर रंगमंच, दिवे आणि पडदे, संहिता निराळी. इंटरकार्मा या टोपणनावाच्या एका प्रोग्रॅमरने प्रथम जुन्या खेळाच्या फायली उघडून आतली चित्रे व आकृती पाहण्याची साधने केली. त्यातूनच पुढे, अनेक हौशी माणसांच्या मदतीने, ‘युनिटी’ नावाच्या इंजिनावर सारा खेळ उभा राहिला. २०२३ च्या अखेरीस त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली.

या कामाचा मला सर्वांत भावलेला गुण असा, की त्यांनी संहितेला हात लावला नाही. मूळ खेळाच्या फायली आपल्याजवळ असल्याखेरीज ही नवी आवृत्ती चालतच नाही. (कंपनीने मूळ खेळ २००९ पासून विनामूल्य ठेवला आहे.) गावांचे नकाशे, भुयारांचे तुकडे, माणसांचे चेहरे सारे १९९६ चेच, वाचणारा डोळा तेवढा नवा. आणि या डोळ्याला काय काय दिसले! डोंगरांच्या उंचीचे आकडे मूळ फायलींत होते, पण जुना पडदा जवळपासचेच दाखवी आणि रानही बहुधा सपाट भासे. आता त्याच आकड्यांतून क्षितिजावर डोंगर उभे राहतात. ते कोणी नव्याने रचले नाहीत; लिहिलेले होते, वाचता येत नव्हते. पोकळीत पडण्याची ती फजितीही आता टळली आहे.

मात्र समीक्षकाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नव्या दिव्याखाली जुन्या पैठणीची जर उठून दिसते, तसे विरलेले धागेही दिसतात. नजर दूरवर जाऊ लागली, तशी ती हजारो गावे मोजक्याच साच्यांतून काढली आहेत, हे लपेनासे झाले. पूर्वी धुके आपली समजूत घालत असे. भुयारे लहान करण्याची एक ऐच्छिक सोयही दिली आहे. ती मला पटली नाही. तासन् तास वाट चुकणे हा या खेळाचा दोष नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे. तरी सोय ऐच्छिक आहे, आणि मुख्य कथेतली भुयारे तीतून वगळली आहेत, एवढे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

तुलनेसाठी याच मालिकेतला ‘ऑब्लिव्हियन’ घ्या. २००६ चा हा खेळ २०२५ मध्ये कंपनीनेच नव्या रूपात आणला. तिथे आतले जुने यंत्र तसेच ठेवून वरचे चित्र मात्र ‘अनरियल’ या नव्या इंजिनाने रंगवले. म्हणजे डॅगरफॉलच्या नेमके उलट. देखणेपणात हा खेळ कितीतरी सरस; पण चित्रकलेचा मास्तर म्हणून मला मूळ रंगांची कोवळीक तीत हरवल्यासारखी वाटली. गंमत अशी, की मूळ खेळात एका नटीचे चुकलेले वाक्य आणि ‘पुन्हा म्हणते’ हे तिचे शब्द तसेच राहून गेले होते. नव्या आवृत्तीतही ते कायम आहेत. लोकांना ती चूकच प्रिय झाली होती.

डॅगरफॉलच्या प्रमुख कर्त्यांपैकी ज्युलियन लफे २०२५ साली निवर्तले. कर्ता गेल्यावरही त्याचे काम चालावे, ही इच्छा रास्त आहे. पण ते त्याचेच काम राहावे, हे पाहणारा माणूस दुर्मिळ. साधनाच्या उणिवेमुळे आलेला दोष दुरुस्त करावा; कर्त्याच्या मनातून आलेला दोष मात्र त्याच्याच नावावर राहू द्यावा, असे मला या खेळाने शिकवले.

माझ्या कादंबरीत अमावास्येच्या रात्री टिपूर चांदणे पडले आहे. हाताशी पंचांग नव्हते, त्याचा हा परिणाम; ते मी खोडले. सातव्या प्रकरणात नायक आईच्या पत्रापुढे तीन पाने रडतो. आज मी ते तीन ओळींत उरकले असते. पण ती पाने पंचविशीतल्या एका मुलाने लिहिली होती आणि त्याची आई तेव्हा नुकतीच गेली होती. पेन्सिल खाली ठेवली आणि मुद्रिते तशीच पाठवली. प्रकाशकांचे उत्तर अजून यायचे आहे.